मत मांडताना पडदा नको

इंदूअक्का गेल्याची बातमी मला आमच्या अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. सकाळी ऑफिसला निघाले होते, हेब्बाळच्या अलीकडे कॅब सिग्नलला थांबली होती. ‘बी ब्लॉकच्या इंदूमती मॅडम यांचं आज पहाटे हृदयविकाराने निधन...’ लिहिणारे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्याखाली बघता बघता जोडलेल्या हातांची रांग लागली. याच ग्रुपमधून याच माणसाने दीड वर्षापूर्वी अक्कांना काढून टाकलं होतं. मी हात जोडले नाहीत. ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली आणि जयनगरला घरी परत आले.

त्याला आता तीन आठवडे झाले. या दिवसांत अक्कांबद्दल ‘शांत’, ‘प्रेमळ’, ‘कुणाच्या अध्यात ना मध्यात’ असं बरंच ऐकलं. प्रेमळ होत्या. बाकीचं खोटं आहे, आणि ते खोटं रुजू द्यायचं नाही म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

मी बारा वर्षांपूर्वी पुण्याहून नोकरीसाठी इथे आले. अक्कांचं घराणं मात्र कित्येक पिढ्या बेंगळुरूचं. आजोबांचं कापडाचं दुकान होतं, घरात मराठी होती, पण त्या मराठीत कन्नडचं ‘स्वल्प थांब’ आणि होकाराचं ‘सरी, सरी’ इतकं मुरलेलं की त्यांना ते परकं वाटतच नसे. आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. निवडणुकीचे दिवस होते. कुणाशी तरी फोनवर बोलताना मी म्हटलं, सगळे सारखेच, मी मतदानाला जातच नाही, नावही अजून पुण्यात आहे. शेजारी उभ्या असलेल्या या पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या, “मग नाव इकडे आण की.” दुसऱ्या दिवशी त्या फॉर्म घेऊन दारात हजर. पुढे आमची मतं फारशी जुळली नाहीत. त्या कुणाला मत देतात ते उघड सांगायच्या, मी टाळायचे. “मत देताना पडदा असतो ग,” त्या म्हणायच्या, “मत मांडताना कशाला पडदा?” आणि त्यांचा एक हट्ट होता. माणसाच्या तोंडावर जेवढं बोलता येतं तेवढंच त्याच्याबद्दल लिहायचं, खाली स्वतःचं नाव घालून.

हे त्यांनी नुसतं बोलून दाखवलेलं नव्हतं. एका कारखान्यात माल तपासणाऱ्या विभागात त्या होत्या. एकदा न तपासलेल्या मालाच्या कागदावर सही करायला सांगितलं, तेव्हा त्यांनी नकार दिला. मग त्यांना दोन वर्षं जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं, काम काहीच नाही. “छान वाचन झालं,” एवढंच त्या सांगायच्या.

दीड वर्षापूर्वी ग्रुपवर एक फोटो आला. लिफ्टसमोरच्या कॅमेऱ्यातला, पाठीवर मोठी पिशवी घेतलेला डिलिव्हरीवाला. खाली सेक्रेटरींनी लिहिलं होतं, ‘हा चोर. तिसऱ्या मजल्यावरचे नवे बूट नेले. सगळीकडे पाठवा.’ लोकांनी पाठवला. जयनगरच्या, जे. पी. नगरच्या किती ग्रुपांवर गेला कोण जाणे. कुणीतरी कंपनीकडे तक्रारही केली. चार दिवसांनी तो माणूस स्वतःच गेटवर आला. वॉचमन आत सोडेना. अक्का भाजी घेऊन परतत होत्या, त्यांनी त्याला ओळखलं. मंजुनाथ. चाळिशी उलटलेला, दर आठवड्याला त्यांचं वाणसामान आणणारा. त्याला त्यांनी वर नेलं, जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि मला बोलावून घेतलं, कारण मी त्याच कंपनीत काम करते. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, अशा बऱ्याच आहेत. तक्रारी आल्या की कुणाचा आयडी बंद करायचा, म्हणजे कुणाचं काम थांबवायचं, ते आमची टीम ठरवते.

“याचं काम बंद केलंत,” अक्का म्हणाल्या. “याला कुणी विचारलं?”

“अक्का, प्रोसेसमध्ये तसं नसतं.”

“ही प्रोसेस आभाळातून पडली काय?”

मंजुनाथ पाण्याचा ग्लास हातात धरून खाली बघत होता. प्यायला नाही. मुलगी कॉलेजात आहे, तिच्या मैत्रिणीच्या आईने फोटो बघितला, असं तो कन्नडमध्ये हळूच म्हणाला...

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ती फाइल उघडली. आयडी बंद करणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं. आम्हाला फक्त नंबर दिसतो, चेहरा नाही. एक तक्रार, एक क्लिक. मला ते आठवतही नव्हतं. संध्याकाळी अक्कांकडे जाऊन सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “सरी. आता हेच तुझ्या साहेबाला लिही. ‘आम्ही’ नको लिहू, ‘मी’ लिही.”

मी लिहिलं. न विचारता बंद केलं, चूक माझी, पण पद्धतही चुकीची. साहेबांना आणि त्यांच्या वरच्यांना. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून, असल्या गोष्टी लेखी देतात का, म्हणून विचारलं. मंजुनाथचा आयडी दहा दिवसांनी सुरू झाला. वर्षअखेरीच्या शेऱ्यात माझ्याबद्दल ‘टीमशी जुळवून घेत नाही’ असं आलं. अक्कांना वाचून दाखवलं तर त्या खूप हसल्या.

दरम्यान बूट सापडले. त्या घरातल्याच आजोबांनी ते कोपऱ्यावरच्या चांभाराकडे सैल करायला दिले होते. ग्रुपवरून फोटो गुपचूप नाहीसा झाला. अक्कांनी लिहिलं, ‘चोर म्हणून सगळ्यांसमोर लिहिलंत, चोर नव्हता हेही इथेच लिहा. — इंदूमती, बी ब्लॉक.’ सेक्रेटरींचं उत्तर आलं, विषय संपला. अक्कांनी पुन्हा तेच लिहिलं आणि त्यांना ग्रुपमधून काढलं गेलं. ते मी बघितलं. ऑफिसात पत्र लिहिणारी मी, इथे शेजाऱ्यांसमोर गप्प बसले. अक्कांनी त्याबद्दल मला कधी विचारलं नाही... विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी मग तोच मजकूर कन्नडमध्ये आणि इंग्रजीत हाताने लिहून लिफ्टमध्ये चिकटवला. कुणीतरी फाडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिकटवला. गुडघे दुखायचे, तरी रोज सकाळी डिंकाची बाटली घेऊन उतरायच्या. पाचव्या दिवशी बुटांच्या मालकाने स्वतः ग्रुपवर माफी मागितली. सेक्रेटरींनी आजवर मागितलेली नाही.

गेल्या आठवड्यात खालच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. सेक्रेटरी म्हणाले, मॅडमचा कधी कुणाशी वाद झाला नाही. मी उठले. म्हटलं, “झाला होता. तुमच्याशी. आणि त्या बरोबर होत्या. तेव्हा मी बोलले नाही, म्हणून आज बोलते.” बातमी कळून आलेला मंजुनाथ मागच्या रांगेत उभा राहिला आणि कन्नडमध्ये म्हणाला, “अक्कांनी मला घरात बसवून विचारलं. आणखी कुणीच विचारलं नव्हतं.” मग तो बसला. सेक्रेटरींनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

ऑफिसातली पद्धत बदललेली नाही. मी मात्र आता क्लिक करण्याआधी फोन लावते. त्याला वेळ जातो, निकाली काढलेल्या तक्रारींचे माझे आकडे टीममध्ये सगळ्यांत खाली असतात, आणि ते तसेच राहणार. काल डिलिव्हरी करणाऱ्या एका बाईचा नंबर होता, तिने पार्सल फोडल्याची तक्रार. माझं कन्नड अजून मोडकंच आहे, पण एक वाक्य मला नीट येतं. अक्कांनी स्वयंपाकघरात डाळ घोटता घोटता ते माझ्याकडून घोटून घेतलं होतं. “नीवु हेळी, एनायितु?” तुम्ही सांगा, काय झालं? फोन कट झाला असं वाटून मी ठेवणार होते... तेवढ्यात ती बोलायला लागली.