धुवावे लागणारे ताट

थर्माकोलचे ताट आपल्याकडे स्वस्त म्हणून आले, की ते घासावे लागत नव्हते म्हणून? नव्वदच्या दशकातील उपभोगाच्या सवयींवर लिहिताना मी या प्रश्नापाशी अडलो आणि माझ्याजवळ आजही त्याचे उत्तर नाही. उत्तराऐवजी एका बाईची हकीकत येथे नोंदवतो.

शांतादेवी मूळच्या सीमेलगतच्या गावच्या, लिंगायत घरातल्या. माहेरी घरात कानडी, दारात मराठी. लग्नानंतर त्या कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावात आल्या. पती मल्लेश यांचे तेथे किराणा दुकान. १९९६च्या सुमारास दुकानाच्या दारात थर्माकोलच्या ताटांचे गठ्ठे लोंबू लागले आणि पाहता पाहता गल्लीतल्या बारशा-जावळांतून पत्रावळ दिसेनाशी झाली. शांतादेवींनाही ही सोय मनापासून आवडली होती.

१९९९च्या एप्रिलमध्ये त्यांनी गच्चीवर शाबूचे पापड वाळत घातले होते. मागच्या मोकळ्या प्लॉटवर कचरा पेटला आणि काजळीच्या चिकट चिंध्या पापडांवर येऊन बसल्या. पुसायला गेल्यावर त्या आणखीच पसरत. शांतादेवी तणतणत खाली उतरल्या. आगीपाशी मल्लेशच काठी घेऊन उभे होते आणि जळत होती ती आदल्या दिवशी पुतण्याच्या जावळाला वापरलेली त्यांच्याच घरची ताटे.

"टाकलीतीसा न्हवं काल?" त्यांनी विचारले.

"टाकली म्हंजे हितंच टाकली. मग काय चंद्रावर टाकू?"

घरातील बाईचे काम ‘टाकले’ या क्रियापदापाशी संपते, पुढे त्या वस्तूचे काय होते हे भाषाही विचारत नाही. शांतादेवींनी ते विचारले आणि ठरवले, की या घरातून पुन्हा ताट टाकले जाणार नाही. तेलाला किटली, बाजाराला कापडी पिशवी हे सोपे होते. कस लागला तो नोव्हेंबरात, मुलीच्या साखरपुड्याच्या वेळी.

विद्याश्रीचे स्थळ संकेश्वरचे, तालेवार घराणे. गल्लीतल्या तालमीच्या माळ्यावर स्टीलची ताटे धूळ खात पडली होती, ती शांतादेवींनी मागून आणली. मल्लेश वैतागले. "दुकानात गठ्ठं पडल्यात आणि तू तालमीतनं ताटं आणतीस?" पण खरी अडचण शेजारच्या चिमणाबाईंनी सांगितली.

"शांताक्का, ताटं आणलीस, ब्येस केलंस. उष्टी कोण काढणार? मागं एका लग्नात हात सोलूस्तोवर घासलीत मी. आता न्हाय बाई."

हा आक्षेप खरा होता. आपला निश्चय दुसऱ्या बायकांच्या हातांवर उभा आहे, हे शांतादेवींच्या तेव्हा ध्यानात आले. त्यांनी निश्चय सोडला नाही. तो पुढे रेटला : जो जेवेल तो आपले ताट धुईल.

"व्याह्यांच्या हातात घासणी देणार?" मल्लेश ओरडले. "सोयरीक मोडायची हाय काय?"

विद्याश्री रडवेली झाली. "अव्वा, माझ्याच साखरपुड्याला का? नंतर कर की तुझा हट्ट."

"मग कुणाच्या साखरपुड्याला करू? दुसऱ्याच्या घरात माझं कोण ऐकणार?"

साखरपुड्याच्या दिवशी अंगणात नळाजवळ घंगाळ, राख आणि घासण्या मांडल्या होत्या. पहिली पंगत उठली. वराचे वडील रुद्राप्पा ताट हातात घेऊन जागीच थबकले. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

"इहिनबाई, पावण्यांनी भांडी घासायची? आमच्याकडं असली पद्धत न्हाय."

"मठात जेवल्यावर तुमचं ताट कोण धुतंय, अप्पा?"

"तिथं प्रसाद असतोय."

"आणि हितं? लिंगाला निवद दाखवल्याबिगर घासभर सुदीक वाढलं न्हाय मी."

ताटात पाणी घालून ते पिऊन टाकायचे आणि ताट आपले आपण धुवायचे, ही रीत जुन्या लिंगायत घरांना परकी नाही. मंगल कार्यालयांतल्या जेवणावळींत तेवढी ती सुटली होती. रुद्राप्पांनी ताटात पाणी ओतले, फिरवले, पिऊन टाकले आणि नळाकडे गेले. "राख जरा जास्त द्या. तुमच्या आमटीला तेलाचा कट लई," एवढेच ते म्हणाले. त्यांच्यामागे पुरुषांची रांग लागली.

सर्वांनाच हे पटले असे नाही. वराच्या आई दानेश्वरी ताट जागीच ठेवून आत निघून गेल्या आणि ‘पोरीच्या आईचा हात आखडता आहे’ असे कानडीत, सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. ते ताट मल्लेश यांनी उचलले आणि, बायकोकडे न पाहता, स्वतः घासले.

आठवडाभराने संकेश्वरहून निरोप आला, की लग्नात हा प्रकार नको. शांतादेवींनी उलट निरोप धाडला : लग्न आमच्या दारात आहे, ताटे स्टीलचीच राहतील, पाहुण्यांनी मात्र नळाला हात लावू नये, ती आमच्या घरचे पुरुष घासतील. हे त्यांनी मल्लेश यांना न विचारता कळवले होते. ते कळल्यावर मल्लेश बराच वेळ दुकानातून घरी आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी फक्त विचारले, "भावांना सांगितलंस का, का ते बी मीच सांगू?"

मे २००० मध्ये लग्न लागले. मल्लेश आणि त्यांचे दोघे भाऊ धोतरे खोचून घंगाळापाशी बसले. पाहुण्यांतली टवाळ मंडळी मुद्दाम तेथे येऊन "दुकानदार, ह्या ताटाला डाग हाय" म्हणून हाका मारत होती. चिमणाबाई बायकांच्या पहिल्या पंगतीला बसल्या होत्या. "चाळीस वर्सं झाली की, कार्यात गरम भात पहिल्यांदाच खाल्ला," असे त्या वाढणाऱ्याला सांगत होत्या.

दानेश्वरी यांनी या लग्नातही नाराजी लपवली नाही, पण सून मानाने नेली. २००३च्या फेब्रुवारीत त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत संकेश्वरला झाली. जेवण थर्माकोलच्या ताटांत होते. शांतादेवी उचगावाहून आपले ताट घेऊन गेल्या होत्या.