साडभाऊंचं हम्मस

अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात हम्मस करणारा माणूस एकच, आमचे मोठे साडभाऊ. आणि त्या हम्मसचा चाहताही एकच, मी. यातला चाहता खोटा आहे, हे मी आजवर बाहेर कुणालाच सांगितलेलं नाही.

भाऊ भरवेलीच्या खाणीतली नोकरी सोडून मस्कतला क्रेन चालवायला गेले होते. तिकडून लोक सोनं आणतात, ब्लँकेटं आणतात. यांनी काबुली चण्याची ही चटणी आणली. रविवारी अंगणात उन्हाला पाठ देऊन बसतात आणि उकडलेल्या एकेका चण्याचं फोतर असं काढतात, जणू झोपलेल्या बाळाचं टोपडं काढताहेत. पाण्यावर तरंगणारी ती फोतरं बघता बघता त्यांची तंद्री लागते. दारावरून लांजीची बस हॉर्न वाजवत गेली तरी पापणी हलत नाही. मिक्सरचा त्यांना राग. तीळ पाट्यावरच वाटायचे. ऑलिव्हचं तेल इथं कुठून येणार? मग वरून जवसाचं, किरनापूरच्या घाण्याचं. "मस्कतवाल्यायले हे तेल भेटलं असतं न, त रडले असते!"

त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, गेली आणि कितीतरी महिने त्यांनी चूलच पेटवली नाही. मग एका रविवारी, इतकी वर्षं त्या दोघांतच संपणाऱ्या हम्मसचा वाडगा घेऊन दारात उभे. माझी बायको चाखून म्हणाली, "भाऊजी, पिठलं कच्चंच ठेवलं काहून जी?" भाऊंचा चेहरा असा उतरला की मी घाईनं बोट चाटलं. "वाहवा भाऊ! असं हम्मस खाल्लं नाही कधी." हे मात्र खरं होतं. भाऊ खुलले. "पाह्य, साडभाऊले समजते. तुले नाही समजत."

तेव्हापासून वाडगा माझ्याच नावानं येतो. त्यांची पाठ वळली की बायको मोहरी, लसूण, हिरवी मिरची तडतडवते, हम्मस कढईत लोटते, आणि आम्ही ते गरम भातावर घेतो. एकदा भाऊ मध्येच परत आले. "कायचा वास येऊन राह्यला?"

"वरणाचा," मी म्हणालो.

"हौ का," म्हणाले, आणि कढईकडे न बघता हसले.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो, तर सोलणं रेंगाळलं होतं. अर्धे चणे फोतरासकट. पातेल्यापलीकडचा पाट रिकामा. वहिनी होत्या तेव्हा तिथं बसायच्या, चणे सोलायच्या आणि मस्कतच्या समुद्राच्या त्याच त्या गोष्टी नव्यानं ऐकायच्या.

"आवडते नाही आवडत, जाऊ द्या," भाऊ पाण्यात बघत म्हणाले. "फोडणी द्या, काही करा. पण एखाद्या रविवारी या न जी, बसा इथं. एकट्यानं सरत नाही हे."

"येतो न भाऊ," म्हणालो. दोन रविवार गेले, वाडगे शेजारच्या पोराहाती आले, मी गेलो नाही. तोंड कसं दाखवू, हेच कळत नाही. चव आवडल्याचं खोटं बोललो, ते त्यांनी केव्हाच माफ केलं आहे. त्यांच्यासमोर बसून चणे सोलायची एक सकाळ मात्र माझ्याकडे अजून बाकी आहे.