भांडणाला लाभलेले बंदर

माझे पुतणे सांगतात की मुंबईच्या पेढीने मला भांडखोर म्हणून काढले. साफ खोटे! तिथे तोंड मिटून बसवेना, म्हणून मीच नोकरी सोडली आणि जयगडला खोल पाण्यात थांबणाऱ्या आगबोटीपर्यंत उतारू पडावातून, म्हणजे वल्ह्यांच्या मोठ्या होडीतून, पोहोचवण्याच्या कामावर लागलो.

शिमगा आटोपून परतणाऱ्या चाकरमान्यांनी एकदा पडाव काठोकाठ भरला.

"निम्मे उतरा, नाहीतर वल्हे हलणार नाही!" मी गरजलो.

"मेल्या, आगबोट चुकली तर नोकरी जाईल!"

"मी तर सोडली. मेलो का?"

हसत, शिव्या घालत निम्मे उतरले. पहिल्या खेपेबरोबर मी स्वतः गेलो आणि दुसरी येईपर्यंत कप्तानाशी कडाकडा भांडून आगबोट रोखली. एकही उतारू मागे राहिला नाही. पेढीत गिळावा लागलेला स्वभाव इथे कामी आला. माझ्याइतका सुखी नोकरदार त्या दिवशी किनाऱ्यावर नव्हता.