वगळायची नोंद

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहराच्या एका भागात किती मुलं जन्मली, हे ज्ञानदा तिथेच बसून मोजते. पीएचडीच आहे तिची त्यावर. जुन्या नोंदी वाचायच्या आणि कॉम्प्युटरवर चढवायच्या. मृत जन्मलेलं मूल मात्र तेव्हा जन्माच्या वहीत यायचंच नाही. थेट मृत्यूच्या वहीत, तेही नावाशिवाय. 'टोटगेबोरेन', म्हणजे 'मृत जन्मलेलं', दिसलं की वगळायचं, कारण जन्मदरात फक्त जिवंत मुलं धरतात. नियम करणाऱ्याचं तळपट होवो!

गेल्या वर्षी थोरल्या ओवीच्या पाठीवर तिला मुलगी झाली, ती रडलीच नाही. बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी, पाचवीला सटवाईने बाळाचं नशीब लिहावं म्हणून, कोरा कागद आणि पेन बरोबर आणलं होतं. ते तसंच परत गेलं.

काल त्यांचा फोन आला. "अगं, सोसायटीत नवीन बाई आल्यात. 'सुनेला मुलं किती?' म्हणून विचारत होत्या. माझ्या तोंडून 'दोन' निघून गेलं बघ. चुकलं का गं?"

"नाही, आई. बरोबर मोजलंत तुम्ही."

फोन ठेवून ज्ञानदा पुढची नोंद वगळायला बसली.