बाबांच्या आवाजावर सनई

माझं लग्न नव्वदच्या दशकात कोल्हापुरात झालं आणि पुढं दहाएक वर्षांनी एका दुकानात पुन्हा लावलं गेलं. पहिलं बाबांनी लावलं होतं. दुसरं लावणाऱ्यानं मला विचारलंसुद्धा नाही.

आम्ही बौद्ध. वस्तीतल्या लेकीबाळींची लग्नं बाबाच लावायचे. भटजी नाही, मंगलाष्टका नाहीत. नवरा-नवरीनं माइकवर आपल्या तोंडानं प्रतिज्ञा म्हणायची, बाबा पुढं सांगणार. माझी प्रतिज्ञा सांगताना मात्र त्यांचा आवाज मध्येच दाटला. बोलणं थांबलं. ते पाणी प्यायले, घसा खाकरला आणि पुढचं वाक्य सांगितलं. बाबा गेल्यावर त्यांचा आवाज उरला तो त्या लग्नाच्या कॅसेटमध्येच, आणि घरातला व्हीसीआर कधीच भंगारात गेलेला. आई म्हणाली, "एकदा आवाज ऐकीव मला त्यांचा."

त्या दिवसांत जो तो कॅसेटची सीडी करून घेत सुटला होता. घरात अजून कॅसेट आहे म्हटलं की लोक कीव करायचे. मीही दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "काळजी सोडा ताई. एकदम नवं करून देतो की." नवं कोण मागत होतं?

तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात. ह्या गृहस्थानं महिना खाल्ला. लग्न मात्र आवडीनं बघितलेलं दिसलं, कारण सीडी हातात ठेवताना म्हणाला, "तुमची पंगत बघून भूक लागली बगा."

आईच्या घरी सीडी लावली. शेजारच्या काकू चहाची वेळ साधून हजर होत्याच. सुरुवातीला घंटा वाजली आणि गणपती गरागरा फिरत पुढं आला. मग मी आणि नवरा बर्फाच्या डोंगरात उभे. लग्नानंतर आम्ही पन्हाळ्याच्या पुढं गेलो नव्हतो. पाकळ्या पडल्या, लाल बदाम उडाले, त्यातला एक बाबांच्या टकलावर येऊन फुटला. इथवर मी हसत होते. मग बाबांनी माइक हातात घेतला, ओठ हलवले, आणि वाजली सनई. तिच्यामागून खणखणीत मंगलाष्टका. ज्या माणसानं वस्तीतली लग्नं मंगलाष्टकांवाचून लावली, त्याच्या तोंडी कुणा परक्याचं 'सावधान'!

आईला वाटलं, टीव्हीचाच आवाज कमी आहे. तिनं पुढं सरकून तो वाढवला. मंगलाष्टका वाढल्या.

काकू खूश. "आत्ता कसं लग्नावाणी वाटतंय बगा!"

म्हणजे इतकी वर्षं आम्ही काय बारसं करून नांदत होतो?  काकूंच्या चहात साखर मुद्दाम कमी घातली.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन विचारलं, "माझ्या वडिलांचा आवाज कुठाय?"

"लई खरखर हुती ताई. आणि मधी तर माइकच बंद पडलेला की! मग आमच्याकडच्या मंगलाष्टका टाकल्या. समद्यांनाच टाकतो. कोण काय म्हणत न्हाय."

"आमच्यात मंगलाष्टका नसतात."

"असू दे की. वाईट हायत व्हय?"

इतक्या उदार माणसाशी भांडायचं तरी कसं? तरी भांडले. माझी कॅसेट मागितली. त्यानं एक पिशवी पुढं केली. कॅसेटमधली पट्टी मशीनमध्ये अडकून तुटली होती, केसांच्या गुंतवळासारखा तिचा गोळा झाला होता. "सीडी हाय की आता," तो समजूत घालत म्हणाला. "कॅसेट कशाला लागती?" माझ्या तोंडात आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिथं मात्र बोलले.

आईकडं आले ती सीडी मोडायचीच म्हणून. आईनं ती माझ्या हातातून काढून घेतली, लावली आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. बाबांचे ओठ हलू लागले तशी ती प्रतिज्ञा म्हणू लागली. वस्तीतल्या प्रत्येक लग्नात पहिल्या रांगेत बसणारी बाई, तिला एक शब्द आठवावा लागला नाही. पडद्यावर बाबा थांबले. आईही थांबली. त्यांनी ग्लास उचलला, पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला. मग दोघांनी मिळून पुढचं वाक्य सांगितलं, आणि मी ते त्यांच्या मागोमाग म्हटलं.