दारासह कपाट

आमच्या वडिलांना शब्दांची मुळं उकरायचा नाद होता. काळाचौकीच्या चाळीत आमची एक खोली, तिच्यात खंडीभर माणसं, आणि वर ही रद्दीतून आणलेली जाडजूड इंग्रजी डिक्शनरी. गिरणीतल्या कारकुनाला असले नाद शोभतात का, असं आजी विचारायची. माझ्या मते मुळीच शोभत नव्हते.

आईला कबर्ड हवं होतं. तिच्या ट्रंकेवर सासूपासून दिरापर्यंत सगळे बसत, आणि आत हात घालायला कुणालाच परवानगी लागत नसे. आपलं म्हणून बंद करता येईल असं काहीतरी हवं, एवढंच तिचं मागणं होतं. वडिलांनी डिक्शनरी उघडली. "कबर्ड म्हणजे मुळात कप ठेवायची उघडी फळी. दारंबिरं ही मागाहूनची थेरं!" आणि रविवारी त्यांनी भिंतीला एक फळी ठोकून दिली.

आईनं फळीकडे असं पाहिलं, की आम्हा पोरांची पाचावर धारण बसली. मग तिनं गोड आवाजात विचारलं, "आणि आपलां कपाट?"

वडिलांना विद्वत्ता आवरेना. "तो संस्कृत शब्द. मूळ अर्थ, दार!" म्हणाले, आणि त्यांनी जीभ चावली.

संयुक्त महाराष्ट्राच्या बैठका तेव्हा आमच्याच खोलीत भरत. पुढच्या बैठकीत वडील मातृभाषेवर तावातावानं बोलले, पण चहा काही येईना. दारात आई उभी, मागे शेजारणींची फौज.

"इंग्रजांची फळी तुमका ऱ्हवांदे. माका मराठी कपाट होया," आई म्हणाली. शेजारणी गरजल्या, "दारासह कपाट झालंच पाहिजे!"

बैठकीतल्या मंडळींच्या अंगात ती चाल इतकी भिनलेली, की निम्म्यांनी मुठी उगारून साथच दिली. आता घोषणेविरुद्ध वडील बोलणार कसे?

चोरबाजारातून जुनं लाकडी कपाट आलं. आईनं कुलूप घातलं, किल्ली पदराला बांधली. रोज दुपारी ती ते उघडायची, जरा वेळ उभी राहायची आणि पुन्हा लावायची. आमची दप्तरं जमिनीवर लोळत आणि कपाट बंद, याचा मला भयंकर राग यायचा.

शेवटी वडिलांना राहवलं नाही. ती उघडत असताना त्यांनी मागून मान लांब करून पाहिलं.

"अगं, हे तर रिकामंच!"

"आसांदे," आई दार लावत म्हणाली. "माझां आसा."