चार हातांचे अध्यक्ष

कॅमेऱ्याचं झाकण मी काढलं आणि स्टुडिओत टाळ्यांचा कडकडाट झाला. समोर खुर्चीत बसलेल्या अण्णासाहेबांनी टाळ्या ऐकल्या, हात जोडले आणि तीन दिशांना वाकून नमस्कार केला. मी झाकण परत लावलं तेव्हा फोटो काढून झाला होता आणि वायाही गेला होता.

भिवंडीत कामतघरला माझा स्टुडिओ आहे. पोट चालतं ते पासपोर्ट फोटोंवर आणि लग्नांवर. टिनटाइप, म्हणजे पत्र्यावर फोटो काढायची जुनी पद्धत, मी हौसेनं शिकलो. नावात टिन असलं तरी त्यात टिन नसतं. काळ्या पत्र्यावर काकवीसारखं दाट कोलोडियन ओतायचं, पत्रा सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचा, ओला असतानाच कॅमेऱ्यात घालायचा आणि ओला असतानाच धुवायचा. भिवंडीच्या उकाड्यात तो भराभर वाळतो, त्यामुळे सगळी कला धावपळीतच होते. फिल्म नाही, निगेटिव्ह नाही, कॉपी नाही. पत्रा हाच फोटो. तो मी ट्रॉफीवाल्याकडून आणतो. सत्कारमूर्तींची नावं कोरतात, तोच.

अट एकच. झाकण काढल्यावर आठ-दहा सेकंद समोरच्यानं हलायचं नाही. थोडं हललं ते पुसट येतं, जास्त हललं ते येतच नाही. शेजारच्या पॉवरलूममुळे माझी फरशी दिवसभर थरथरते, म्हणून टिनटाइप मी फक्त शुक्रवारी काढतो. शुक्रवारी लूम बंद.

हे तंत्र आपल्याबरोबर संपू नये म्हणून मला ते शिकवायचं होतं. शिकायला तीन-चार जण तयारही होते, जागा नव्हती. पासपोर्टवाले आणि कोलोडियनमधल्या ईथरचा वास एका खोलीत नांदत नाहीत. अण्णासाहेब ज्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आहेत तिथे जुनी लॅब रिकामी होती. सिंक, नळ, पंखा, सगळं जागच्या जागी. मी अर्ज केला. साहेबांचे पीए पाटकर म्हणाले, "साहेबांचा अमृतमहोत्सव आहे. आधी फोटो, मग खोली. फोटो बरा नाही आला तर तिथे साहेबांची सन्मानचिन्हं ठेवायचं ठरलंय."

म्हणून त्या शुक्रवारी साहेब भगवा फेटा बांधून आले. सोबत पत्नी माई, पाटकर आणि पाच-सहा कार्यकर्ते. साहेबांना जुन्या सरदारांच्या फोटोसारखा फोटो हवा होता. आपण खुर्चीत, माई मागे उभ्या, हात खुर्चीवर.

"साहेब, भगवा यात काळा येतो," मी म्हणालो.

"काळा? मी काय निषेधाला बसलोय?"

फिका निळा फेटा आणला. निळा यात पांढरा येतो. एका कार्यकर्त्याची नजर माझ्या काळ्या पडलेल्या बोटांवर गेली.

"काय फोटोवाले, किती वेळा मतदान केलंत?"

मतदानाच्या शाईतही सिल्व्हर नायट्रेटच असतं, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

मान स्थिर राहावी म्हणून मागून लावायचा लोखंडी टेकू असतो. साहेबांनी तो नाकारला. "आजवर कुणापुढे मान अडकवली नाही," म्हणाले. मग मी काळ्या कापडाखालून निघालो, झाकणाला हात घातला, सावकाश काढलं, आणि पाटकरांना वाटलं की हे अनावरण. संस्थेत अनावरणाला टाळ्या वाजवायची पद्धत आहे.

तो पत्रा फिक्सरच्या ट्रेमध्ये टाकला. निळसर धुकं विरलं आणि चित्र वर आलं. माई लख्ख, अगदी नथीच्या मोत्यापर्यंत. साहेबांना दोन हात मांडीवर, दोन हात जोडलेले. चेहऱ्याच्या जागी पांढरा ढग.

"चार हात!" एक कार्यकर्ता म्हणाला. "साहेब, साक्षात विष्णू!"

"पण तोंड कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"हलताना गेलं," मी म्हणालो.

दुसऱ्या पत्र्याच्या वेळी मी माई सोडून बाकी सगळ्यांना बाहेर काढलं. झाकण काढलं. शांतता. साहेबांना ती सोसेना. माणसं गेली कुठे म्हणून मान हळूहळू दाराकडे वळली. या फोटोत त्यांना दोन नाकं आणि एक कान आला. माई पुन्हा लख्ख.

तिसरा पत्रा मी तयार केला तेव्हा साहेब चिडले होते. "मशीनमध्येच फॉल्ट आहे."

"मशीन बरी हाय," माई म्हणाल्या. "तुम्ही गप बसत न्हाय. भाऊ, तुम्ही काढा झाकण. मी बघते यांच्याकडे."

खुर्चीवरचा हात त्यांनी उचलला आणि साहेबांच्या मानेवर ठेवला. ठेवला म्हणजे धरला. साहेबांनी आठ सेकंद श्वासही घेतला नसावा.

फोटो असा आला की मी ट्रेसमोरून हललो नाही. कडा, सुरकुत्या, फेट्याची घडी, सगळं सुईच्या टोकासारखं. डोळ्यांत मात्र पाढा चुकलेल्या पोराचा भाव. माई मागे किंचित हसत होत्या.

साहेब ट्रेवर वाकले. "असा दिसतो मी?"

"घरी असेच दिसता," माई म्हणाल्या.

"हा डिलीट करा."

"होत नाही, साहेब. पत्रा आहे."

माईंनी तो वाळेपर्यंत वाट पाहिली, रुमालात गुंडाळला आणि पिशवीत टाकला. साहेबांनी त्याकडे बघणं टाळलं. पाटकर आत आले आणि त्यांनी पहिला पत्रा उचलून उजेडात धरला.

"साहेब, हॉलमध्ये हाच लावू. चेहऱ्यावर तेज आहे."

"हो, हो, तेजच," बाहेरून परत आलेले कार्यकर्ते म्हणाले.

"अहो, तेज नाही ते," मी म्हणालो. "तांत्रिकदृष्ट्या हा फोटो साफ फसलेला आहे."

पाटकर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "तुम्हाला खोली पाहिजे का तांत्रिकदृष्ट्या पाहिजे?"

मी पत्र्याकडे बघितलं. सिंक आठवलं, नळ आठवला, पंखा आठवला.

"तेज चांगलं आलंय," मी म्हणालो.

खोली मिळाली. उद्घाटन साहेबांनीच केलं आणि एकाग्रतेवर बराच वेळ बोलले. माईंचा पत्रा त्यांच्या घरी देव्हाऱ्याखालच्या खणात आहे असं ऐकतो. साहेब फार बोलायला लागले की त्या खण नुसता उघडतात म्हणे.

चार हातांचा फोटो संस्थेच्या हॉलमध्ये सोनेरी चौकटीत आहे. माझ्या वर्गाला येणाऱ्यांना त्याच्यासमोरूनच यावं लागतं. पहिल्या दिवशी मी सांगतो की हलायचं नाही, हललं की फोटो फसतो. मग कुणीतरी हमखास विचारतं, "सर, मग बाहेर तो चार हातांचा कसा काढला?"

मी सांगतो, ते तंत्र वेगळं. ते या खोलीत शिकवत नाहीत. त्या तंत्रानं ही खोली मिळते.